एकाच डब्यातलं जेवण

कुत्रा पाळलेल्या घरात एक वाद हमखास असतो. त्याला घरचं घालायचं की दुकानातलं? आजी म्हणते, आमच्या वाड्यातल्या कुत्र्यांनी उभ्या जन्मात भाकरी-ताकाशिवाय काही खाल्लं नाही आणि चांगली बारा-बारा वर्षं जगली. नातू पिशवी उलटी करून मागचा तक्ता दाखवतो. क्रूड प्रोटीन इतके टक्के, फॅट इतके टक्के, ओलावा इतका. आमच्या नात्यात हा वाद दर दिवाळीला होतो आणि फराळ संपेपर्यंत चालतो. हे लिखाण वाचणाऱ्यांत दोन्ही पक्षांचे लोक आहेत, त्यामुळे निकाल देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. :-) पण या वादाच्या मागे दीडशे वर्षांचा एक इतिहास आहे. तो वाचताना मला जाणवलं की दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. ती आजीच्या भाकरीतही नाही आणि नातवाच्या तक्त्यातही नाही.

दुकानातल्या खाण्याची सुरुवात लंडनमध्ये १८६० च्या सुमारास झाली. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ विजेपासून इमारतींचं रक्षण करणारे तडितवाहक विकायला इंग्लंडला आला होता. बंदरावरची भटकी कुत्री जहाजावरच्या टाकून दिलेल्या कडक बिस्किटांवर तुटून पडताना त्याने पाहिली आणि त्याला धंदा सुचला, असं सांगतात. गोष्ट खरी की रंगवलेली, देव जाणे. पण स्प्रॅटची 'मीट फायब्रीन डॉग केक' ही बिस्किटं खरी होती आणि धडाक्याने खपली. गहू, भाज्या, बीट आणि अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातल्या गुरांचं वाळवलेलं मांस, असा मसाला. ते मांस नेमकं कुठून येतं, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. (याच कंपनीत नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्ट नावाच्या पोऱ्याने पुढे १८९१ मध्ये कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं. तेच आजचं जगप्रसिद्ध 'क्रफ्ट्स'.)

या धंद्याची एक गंमत पहिल्या दिवसापासून आहे. विकत घेणारा वेगळा, खाणारा वेगळा. आपल्याला डाळ किडकी लागली तर आपण वाण्याकडे जाऊन चार शब्द सुनावतो. कुत्रा फार तर ताटली हुंगून निघून जातो, आणि भूक लागली की परत येऊन खातो.

आता थोडं वेगळ्या रस्त्याने जाऊ. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडमधल्या गरीब वस्त्यांत मुडदुसाने कहर केला होता. पाय धनुष्यासारखे वाकलेली मुलं गल्लोगल्ली दिसत. कारण कुणालाच धड माहीत नव्हतं. हवा कोंदट म्हणून, व्यायाम नाही म्हणून, असे अंदाज चालत. एडवर्ड मेलनबी या डॉक्टरने लंडनमध्ये कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून त्यांना ठरावीक खाणं द्यायला सुरुवात केली. ओटचं पीठ, पाव, थोडं दूध, रोज तेच. पिल्लांची हाडं वाकली. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की वाकत नसत. १९१९ मध्ये त्याने हे छापलं. तेलातला नेमका कोणता घटक काम करतो याबद्दल मेलनबीचा अंदाज थोडा चुकला होता. तो घटक म्हणजे वेगळंच, 'ड' जीवनसत्त्व आहे, हे अमेरिकेत मॅक्कोलमने १९२२ मध्ये दाखवलं. पण मुडदूस हा ताटातून येणारा रोग आहे, हे जगाला कळलं ते त्या पिल्लांमुळे.

इथे कुत्रेवाल्यांसाठी एक माहिती. आपण उन्हात बसलो की आपली कातडी 'ड' जीवनसत्त्व तयार करते. कुत्र्याची कातडी ते पुरेसं करू शकत नाही. हे बऱ्याच उशिरा, १९९० च्या दशकात, प्रयोगाने नक्की झालं. म्हणजे कुत्र्याला सकाळी गच्चीत उन्हात सोडलं तरी त्याचं काम भागत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळायला हवं. म्हणून कारखान्यात ते मापून मिसळतात. आणि माप चुकलं तर? मेलनबीच्या त्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, हिल्स या नावाजलेल्या कंपनीला कुत्र्यांचे डबे बाजारातून परत मागवावे लागले. बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात 'ड' फार जास्त पडलं होतं आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. एका शतकात कमतरतेपासून अतिरेकापर्यंतचा प्रवास, आणि दोन्ही वेळा किंमत मोजली कुत्र्यांनी.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्रा नावाचा रोग होता. कातडी भाजल्यासारखी होते, जुलाब लागतात, शेवटी डोक्यावर परिणाम होतो. रोगी बहुतेक गरीब, मका, काकवी आणि डुकराची चरबी एवढ्यावर जगणारे. त्याच भागातल्या कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग होई. तोंड आतून सडायचं, खाणं सुटायचं, कुत्रं मरायचं. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने १९२० च्या दशकात दाखवलं की ही दोन्ही एकाच दारिद्र्याची रूपं आहेत. पेलाग्रा करणारं खाणं कुत्र्याला दिलं की त्याची जीभ काळी पडते, आणि यीस्ट दिलं की दोघेही सुधारतात. गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेला. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये एल्व्हहेम या शास्त्रज्ञाने काळ्या जिभेच्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल दिलं आणि मरणपंथाला लागलेली कुत्री उठून बसली. लगेच ते माणसांना दिलं गेलं. आज आपण ज्याला नायसिन म्हणतो ते हेच.

आता आजीच्या भाकरीकडे येऊ. पेलाग्रा मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून ओळखला जायचा, पण दख्खनच्या पठारावर जोंधळा खाणाऱ्या गरिबांतही तो दिसत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात याच्या मागे लागले. डॉ. भवानी बेळवाडी आणि गोपालन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं की जोंधळ्यावर ठेवलेल्या कुत्र्यांनाही काळी जीभ होते. जोंधळ्यातल्या ल्युसिन नावाच्या घटकाचं प्रमाण जास्त असल्याने असं होतं, ही त्यांची मांडणी. तिच्यावर पुढे बरेच वाद झाले. पण जोंधळ्यावरच्या कुत्र्याची जीभ काळी पडली ही गोष्ट राहतेच.

मग आजीच्या वाड्यातली कुत्री कशी जगली? आजी खोटं बोलत नाही. फक्त तिने ताटलीत काय घातलं ते पाहिलं, ताटलीबाहेर काय चाललं होतं ते पाहिलं नाही. ती कुत्री दिवसभर गावभर हिंडायची. उंदीर, घुशी, उकिरडा, खाटकाच्या मागच्या दाराचं काहीबाही, मेलेलं ढोर, लग्नाच्या पत्रावळी. भाकरी हा त्यांच्या जेवणाचा एक भाग होता आणि बाकीचा भाग ती स्वतः मिळवत होती. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या लॅब्रेडॉरला नुसती दूध-पोळी घातली तर त्याला बाहेरून काही जोडता येत नाही. तो लिफ्टने खाली जातो, दोरीने बांधलेला, आणि तसाच वर येतो.

दोन्ही बाजू विसरतात ती गोष्ट ही. पाळलेला कुत्रा एकाच डब्यावर जगतो. आपण सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, रात्री आणखी काही खातो. एखाद्या पदार्थात काही कमी असलं, थोडं वाईट असलं, तर ते बाकीच्या पदार्थांत विरघळून जातं. कुत्र्याच्या बाबतीत पिशवीत किंवा पातेल्यात जी चूक असेल ती रोज, दोन्ही वेळेला, वर्षानुवर्षं त्याच्या पोटात जाते. चूक लहान असली तरी गुणाकार मोठा होतो.

आणि एकाच डब्यावर जगणारी केवळ कुत्रीच नसतात. १९७४ च्या हिवाळ्याच्या तोंडाला राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल या लागून असलेल्या आदिवासी भागांत शंभराहून जास्त गावांत कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसं मरू लागली. जवळजवळ चारशे आजारी, त्यातले १०६ दगावले. घरातली कुत्रीही तशाच लक्षणांनी मरत होती, आणि हा साधा संसर्ग नाही असा संशय यायला त्याचा उपयोग झाला. साथीची कावीळ माणसाकडून अशी कुत्र्याकडे जात नाही. दोघांत समान काय? मका. अवकाळी पावसात भिजलेलं कणीस, दमट जागी साठवलेलं, बुरशी आलेलं. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. भुईमुगाच्या निमित्ताने आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे नाव चांगलं माहीत आहे. श्रीमंताच्या घरी बुरशीचा मका फेकून दिला जातो. त्या घरांत त्या मोसमात मक्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

हेच विष अमेरिकेत डिसेंबर २००५ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या अखेरीस कुत्र्यांच्या कोरड्या खाण्यात निघालं. दोन्ही वेळा शंभरावर कुत्री गेली. दोन्ही वेळा वाट तीच, बुरशीचा मका. चकचकीत पिशवीने त्यात काही फरक पडला नाही.

आता २००७. या सगळ्या इतिहासातलं हे प्रकरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं.

मेन्यू फूड्स नावाची एक कॅनडियन कंपनी होती. ग्राहकांना तिचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं, कारण ती दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून द्यायची. मांसाचे तुकडे घट्ट रश्श्यात, असे कुत्र्या-मांजरांचे डबे आणि पाकिटं. फेब्रुवारी २००७ मध्ये तक्रारी येऊ लागल्या की मांजरं, कुत्री पाणी पाणी करतात, लघवी बंद होते, मूत्रपिंडं निकामी होतात. कंपनीने स्वतःकडच्या चव-चाचणीत जनावरांना ते खाणं दिलं, तिथेही काही दगावली. १६ मार्चला सहा कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं परत मागवली गेली. त्यांवर शंभरच्या आसपास वेगवेगळ्या ब्रँडची नावं होती. लोकांना धक्का बसला तो इथे. स्वस्तातला दुकानाचा घरगुती ब्रँड आणि डॉक्टरने लिहून दिलेला महागडा ब्रँड एकाच कारखान्यातून, एकाच पुरवठादाराच्या पोत्यांतून आले होते. किंमत दुपटी-तिपटीने वेगळी, संशयित पोतं तेच.

आधी न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेने उंदीर मारायच्या औषधाचं नाव घेतलं. आठवड्याभरात ते मागे पडलं आणि ३० मार्चला अमेरिकी सरकारच्या अन्न व औषध खात्याने खरं नाव सांगितलं. मेलामाइन.

आपल्याला मेलामाइन माहीत आहे ते डिशेसमुळे. पडली तरी न फुटणाऱ्या, फुलाफुलांच्या, लग्नात आहेर म्हणून येणाऱ्या. हे प्लास्टिकसारखं रसायन खाण्यात कसं गेलं, हे समजायला नातवाच्या तक्त्यातलं ते 'क्रूड प्रोटीन' समजून घ्यावं लागतं.

क्रूड प्रोटीन हे प्रोटीन मोजून काढलेलं नसतं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने धान्यातला नायट्रोजन मोजायची एक सोपी पद्धत काढली. प्रोटीनमध्ये साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो. मग नायट्रोजन मोजायचा, ६.२५ ने गुणायचा, झालं प्रोटीन. स्वस्त, भरवशाची पद्धत, आजही चालते. पण तो नायट्रोजन कुठून आला हे ती विचारत नाही. चामड्याची जुनी वहाण दळून दिली तरी आकडा उत्तम येईल. मेलामाइन तर दोन-तृतीयांश नायट्रोजनच आहे. हिशेब केला तर शुद्ध मेलामाइनचं 'प्रोटीन' येतं चारशे टक्क्यांच्या वर! शंभर किलो पिठात एक किलो मिसळलं की तक्त्यातला आकडा चारने वाढतो.

डब्यातल्या रश्श्याला घट्टपणा आणि तुकड्यांना मांसासारखा चिवटपणा यायला गव्हाचं ग्लुटेन घालतात. कणीक पाण्याखाली धूत मळत राहिलं की शेवटी हातात चिकट गोळा उरतो, तेच. ग्लुटेनची किंमत त्यातल्या प्रोटीनवर ठरते. चीनमधून एका अमेरिकी आयातदारामार्फत आलेला हा माल ग्लुटेन नव्हताच. साधा गव्हाचा आटा आणि त्यात आकडा फुगवायला मेलामाइन. त्याच सुमारास तिथल्या लोकांनी पत्रकारांना मोकळेपणाने सांगितलं की जनावरांच्या खाण्यात मेलामाइनचा कारखान्यातला कचरा घालण्याची चाल जुनीच आहे. जनावरंच तर खाणार. तो आयातदार आणि त्याची कंपनी यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

नुसतं मेलामाइन तसं फार विषारी नाही. पण त्या मालात सायन्यूरिक आम्ल नावाचं त्याचं भावंडही होतं. कॅलिफोर्नियात मांजरांवर झालेल्या प्रयोगात एकेकटं दिलं तेव्हा काही झालं नाही, दोन्ही एकत्र दिल्यावर मूत्रपिंडं बंद पडली. दोघं मिळून तिथे न विरघळणारे स्फटिक बनवतात आणि नळ्या तुंबतात. किती जनावरं गेली याचा नक्की आकडा कधीच मिळणार नाही. शंका न उरता सिद्ध झालेले मृत्यू अगदी थोडे, मालकांनी कळवलेले हजारोंच्या घरात. माणसांच्या रोगांची नोंद ठेवणारी यंत्रणा तिथे आहे, कुत्र्या-मांजरांची तशी नव्हती.

पुढची गोष्ट ऐका. २००४ मध्ये आशियातल्या अनेक देशांत हजारो कुत्र्यांची मूत्रपिंडं अशीच निकामी झाली होती. खाणं थायलंडमधल्या एका कारखान्यातलं होतं. तेव्हा बुरशीच्या विषावर ठपका ठेवून प्रकरण मिटलं. २००७ नंतर कुणाला तरी आठवण झाली, जपून ठेवलेले जुने नमुने काढले गेले आणि त्यांत तेच स्फटिक निघाले. तीन वर्षं पुरावा बाटलीत होता. तो मेलामाइनसाठी तपासावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण मेलामाइन खाण्यात असतं असं कुणाच्या मनात येत नाही.

आणि मग सप्टेंबर २००८. चीनमध्ये तान्ह्या मुलांना मुतखडे व्हायला लागले. दुधात पाणी घालायचं, पाण्याने प्रोटीनचा आकडा पडला की मेलामाइन घालून तो वर आणायचा. सान्लू या मोठ्या कंपनीच्या दूध भुकटीपासून सुरुवात झाली आणि पाहता पाहता इतर कंपन्यांची नावं आली. तीन लाखांच्या आसपास मुलं आजारी, सहा दगावली. बाळांच्या शरीरात युरिक आम्ल जास्त असतं, मेलामाइनने त्याच्याशी जुळवून खडे केले. तेच दूध मोठ्यांच्याही पोटात जात होतं, पण त्यांच्या जेवणात आणखी दहा गोष्टी होत्या. बाळ एकाच डब्यावर होतं. भारताने त्याच महिन्यात चिनी दुधाच्या पदार्थांवर आयातबंदी घातली.

दीड वर्षापूर्वी मेलेल्या त्या कुत्र्या-मांजरांनी रसायनाचं नाव, देश, पद्धत आणि हेतू, सगळं सांगून ठेवलं होतं. पण ते 'पाळीव प्राण्यांचं प्रकरण' म्हणून फाइलबंद झालं होतं. माझा खरा राग यावर आहे. भेसळ करणारा जनावराच्या पोत्यासाठी एक हात आणि बाळाच्या डब्यासाठी दुसरा हात वापरत नाही.

असो. आता कुणी तरी विचारणारच, मग घालायचं काय? मी काही पशुवैद्य नाही. पाकिटातलं वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट घरी रोज नुसता दहीभात किंवा चपाती-दूध घालणं ही मेलनबीच्या पिल्लांचीच ताटली झाली. घरचंच घालायचं असेल तर पशुवैद्याकडून नीट ठरवून घ्यावं. पाकीट घ्यायचं तर क्रूड प्रोटीनच्या आकड्यावर भाळू नये, किमतीवरही नाही. कंपनी माल स्वतः बनवते की दुसऱ्याकडून बनवून घेते, कच्चा माल तपासते का, हे विचारावं. उत्तर देणारी कंपनी बरी. नव्या टुमीमागेही लगेच धावू नये. धान्याऐवजी वाटाणे, मसूर घातलेल्या 'धान्यविरहित' खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या त्याच खात्याने जुलै २०१८ मध्ये सुरू केली. डिसेंबर २०२२ मध्ये, पुरेसा पुरावा नाही, नवं काही कळलं तर सांगू, असं म्हणून ते थांबले. संबंध आहे असंही ठरलं नाही, नाही असंही नाही.

आणखी एक. आपल्याकडे मोठी पिशवी आणली की ती फोडून माल झाकणाच्या डब्यात ओततात आणि पिशवी कचऱ्यात जाते, किंवा वहिनी तिच्यात कांदे भरून ठेवते. डबा वापरावा, दमट पावसाळ्यात तर वापरावाच, पण पिशवी आतला शेवटचा दाणा संपेपर्यंत जपून ठेवावी. माल परत मागवतात तो पिशवीवर छापलेला लॉट नंबर आणि तारीख यांवरून, आणि ती डब्यावर लिहिलेली नसते.